घरी शिकणाऱ्या मुलासाठी विज्ञानाचा अभ्यासक्रम निवडताना

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं की भाषा आणि गणित निभावून नेऊ असं बहुतेकांना वाटतं. गाडी अडते ती विज्ञानापाशी. घरात प्रयोगशाळा नाही, आईबाबांपैकी कुणी विज्ञान शाखेचं नाही, आणि पुस्तकं मात्र बाजारात ढिगाने. मग कुणीतरी सुचवलेला महागडा संच मागवला जातो आणि दिवाळीच्या आत तो कपाटात जाऊन बसतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्या अशा पालकांसाठी हे लिहिते आहे. मूल साधारण आठ ते सोळा वर्षांचं आहे, तुम्ही महाराष्ट्रात राहता आणि मुलाने पुस्तक हातात घेऊन बरंचसं स्वतःच शिकावं अशी तुमची इच्छा आहे, असं धरून चालले आहे. माझा आग्रह एका गोष्टीचा आहे: मुलाने एकट्याने एक अख्खा धडा पार करून दाखवल्याशिवाय कुठलाही अभ्यासक्रम पक्का करू नका. हे कसं करायचं ते पुढे येईलच, पण त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात.

पायरी १: परीक्षा कुठली आणि कधी

मूल बारा वर्षांच्या आतलं असेल तर परीक्षेचा विचार बाजूला ठेवा. या वयात बोर्ड निवडून काही साधत नाही, उलट हात बांधले जातात. बाराव्या-तेराव्या वर्षी मात्र बसून ठरवायला हवं, कारण त्यानंतरचं मुख्य पुस्तक परीक्षेवरून ठरतं.

घरी शिकणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा रस्ता एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे जातो. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ मध्ये सुरू झाली. दहावीला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. विज्ञान स्वतःच्या गतीने शिकणाऱ्या मुलाला ही मोकळीक फार उपयोगी पडते. अवघड विषय मागे ठेवून त्याला पुरेसा वेळ देता येतो.

इथे एक खाचखळगा आहे. एनआयओएसमध्ये पाच विषय घेऊन दहावी होता येतं, आणि त्यात विज्ञान घेण्याची सक्ती नाही. गणित किंवा विज्ञान टाळून सोपे पाच विषय घेण्याचा सल्ला अनेकजण देतात. मूल पुढे विज्ञानाकडे वळण्याची थोडीजरी शक्यता असेल तर गणित (२११) आणि विज्ञान व तंत्रज्ञान (२१२) हे दोन्ही घ्याच. पंधराव्या वर्षी ‘मला जीवशास्त्र आवडतं’ म्हणणाऱ्या मुलाला दहावीचे विषय आडवे यायला नकोत.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा. अभ्यास मराठीतून करायचा असेल तर हा चांगला आहे, कारण बालभारतीची पुस्तकं सहज मिळतात आणि त्यांच्या पीडीएफही मोफत आहेत. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा. मात्र या अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागतात. ज्या मुलाने काही इयत्ता शाळेत काढल्या आहेत त्याचं ठीक. जे कधी शाळेत गेलंच नाही त्याच्या बाबतीत मंडळाच्या विभागीय कार्यालयात आधी चौकशी करून मगच या वाटेला जा.

तिसरा केंब्रिजचा आयजीसीएसई, म्हणजे दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र वेगवेगळे विषय म्हणून देता येतात. प्रयोगशाळेतल्या परीक्षेऐवजी प्रयोगांवर आधारित लेखी पेपर घेण्याची सोय आहे, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला ती सोयीची पडते. पण खाजगी विद्यार्थी घेणारी शाळा स्वतः शोधावी लागते आणि खर्चही बराच येतो. इंग्रजी पक्कं असेल आणि पुढे परदेशात शिकायचा विचार असेल तरच याकडे बघावं असं माझं मत आहे.

परीक्षाच देऊ नये का, असंही पालक विचारतात. मुंबईत घरी शिकलेल्या एका मुलीला २०१६ मध्ये संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण बारावीचं प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचं दार तिला बंद होतं, हेही त्याच बातमीत होतं. भारतात वैद्यकीय, अभियांत्रिकी किंवा साधी बीएस्सी करायची तरी बारावी लागते. म्हणून मी दहावी-बारावी द्या असंच सांगते.

पायरी २: माध्यम

हे लवकर ठरवा आणि सारखं बदलू नका. आठवी-नववीपर्यंत मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत विज्ञान शिकावं. मराठी घरातल्या मुलाला प्रकाशाचं अपवर्तन मराठीत कळतं तितकं खोल इंग्रजीत कळायला वेळ लागतो. मात्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतून असतं, त्यामुळे नववीपासून प्रत्येक धड्यातले दहा-पंधरा शब्द दोन्ही भाषांत एका वहीत लिहीत जावं. वर्षभरात चांगला साठा होतो. एनआयओएसमध्ये मराठी माध्यम घ्यायचं असेल तर नोंदणीआधी विज्ञानाचं पुस्तक आणि प्रयोगपुस्तिका त्या भाषेत खरोखर हाती येते आहे ना ते बघून घ्या.

पायरी ३: कोणतं पुस्तक कशासाठी

स्वतः शिकायच्या पुस्तकाला तीन कसोट्या लावा. ते मुलाशी बोलतं का, की शिक्षकाने समजावावं अशी जागा सोडून पुढे जातं? उत्तरं पडताळायची सोय आहे का? आणि त्यातले प्रयोग घरात होतात का? तिन्ही कसोट्यांना उतरणारं एकच पुस्तक मिळणं कठीण आहे. म्हणून एक मुख्य पुस्तक आणि एक साथीला, अशी जोडी लावावी. तिसरं आणू नका.

आठ ते अकरा या वयासाठी बालभारतीचं परिसर अभ्यास आहेच. त्याच्या जोडीला मुंबईच्या मानखुर्दमधल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तयार केलेली ‘स्मॉल सायन्स’ ही मालिका मला सगळ्यात जवळची वाटते. तिसरी ते पाचवीसाठी पुस्तक, कृतिपुस्तिका आणि शिक्षकांसाठी वेगळं पुस्तक असा तो संच आहे. पालकाने शिक्षकांचं पुस्तक आधी वाचावं. मुलाने काय विचारलं तर काय करायचं, कुठे घाई करायची नाही, हे त्यात नीट उलगडलेलं आहे.

बारा ते चौदा हा काळ सगळ्यात महत्त्वाचा, आणि याच काळात लोक सगळ्यात जास्त घाई करतात. बालभारतीचं सहावी ते आठवीचं सामान्य विज्ञान आटोपशीर आहे. चित्रं चांगली, धडे लहान. पण स्वाध्यायाची उत्तरं पुस्तकात नाहीत, मग घरात गाईड येतं आणि मूल उत्तर शोधण्याऐवजी उतरवू लागतं. गाईड आणायचंच असेल तर ते पालकाकडे ठेवा आणि फक्त तपासायला वापरा. एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पुस्तकं काढणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २०२४ पासून सहावी, सातवी, आठवीची नवी विज्ञान पुस्तकं आणली आहेत. ती हिंदी-इंग्रजीत मोफत उतरवून घेता येतात. त्यांत कृती भरपूर आहेत आणि मांडणी मुलाशी बोलल्यासारखी आहे.

याच वयासाठी एक जुनी, फार मोलाची गोष्ट आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ मध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो ‘एकलव्य’ संस्थेने वाढवला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. त्याची ‘बाल वैज्ञानिक’ ही हिंदी पुस्तकं आजही मिळतात. खेड्यातल्या शाळेत जे सामान मिळेल त्यावरच सगळे प्रयोग बेतलेले, म्हणून ते घरीही होतात. पण या पुस्तकांत निष्कर्ष मुद्दाम दिलेले नाहीत. मुलाने प्रयोग करावा, नोंद करावी आणि चर्चेतून निष्कर्षाला यावं अशी रचना आहे. चर्चेला कुणी नसेल तर मूल अधांतरी राहतं. रोज अर्धा तास बसू शकणारं मोठं माणूस घरात असेल तर ही पुस्तकं डोळे मिटून घ्या. दोघेही दिवसभर कामावर असाल तर ती साथीला ठेवा, मुख्य करू नका.

नववी-दहावीला जी परीक्षा तेच मुख्य पुस्तक. एनआयओएसचं पुस्तक दिसायला साधं आहे, छपाईही डोळ्यांत भरणारी नाही, पण ते एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिलेलं आहे. दर दोन-तीन पानांनी पाठगत प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरं धड्याच्या शेवटी असतात. मुलाला लगेच कळतं की आपल्याला समजलं की नाही. आकडेमोडीच्या जास्त सरावासाठी जोडीला एनसीईआरटी ठेवावं.

परदेशी संचांबद्दल बरेच विचारतात. अमेरिकेतले काही संच खरंच सुरेख आहेत, मुलाला थेट उद्देशून लिहिलेले आणि उत्तरांसकट. घेण्याआधी दोन गोष्टी बघा. मापं फॅरेनहाइट आणि इंचांत आहेत का? आणि उत्क्रांतीचा धडा आहे का? तिथल्या काही संचांत धार्मिक भूमिकेतून उत्क्रांती नाकारलेली असते. आपल्या दहावीच्या भाग २ चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. तेव्हा अनुक्रमणिका आणि नमुना धडा वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

पायरी ४: शितावरून भाताची परीक्षा

आता मुख्य काम. मनात असलेल्या दोन किंवा तीन पुस्तकांतून एकाच विषयाचा धडा काढा. वीज किंवा प्रकाश घ्यावा, कारण त्यात वाचन, प्रयोग आणि थोडं गणित असं तिन्ही येतं. पहिला धडा घेऊ नका, पहिले धडे सगळ्याच पुस्तकांचे गोड असतात. मधला घ्या.

मुलाला सांगा, ‘हा धडा तुझा तू वाच, अडलं तिथे पेन्सिलीने खूण कर, आणि जे करून बघायला सांगितलंय ते कर.’ तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. मदत करायची नाही. हे जड जातं, पण अर्ध्या-पाऊण तासाचाच प्रश्न आहे.

काय बघायचं ते एका उदाहरणाने सांगते. पुस्तकात लिहिलेलं असतं की एक सेल, दोन वायर आणि एक छोटा बल्ब जोडा, बल्ब पेटेल. मूल सामान काढतं. टॉर्चचे जुने छोटे बल्ब आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, तिथे एलईडी मिळतो. मूल दीड व्होल्टच्या एका सेलला लाल एलईडी जोडतं आणि तो पेटत नाही. उलटा जोडून बघतं, तरी नाही. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, एक सेल तेवढे देऊ शकत नाही. दोन सेल एकापुढे एक लावले, मध्ये १०० ओहमचा रोध (रेझिस्टर) घातला आणि एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे ठेवला की तो लख्ख पेटतो. पायांची अदलाबदल केली की विझतो.

आता पुस्तकाची परीक्षा इथे होते. ‘बल्ब पेटला नाही तर काय तपासाल?’ असा एखादा प्रश्न पुस्तकात आहे का? एलईडीला दिशा असते हे कुठे सांगितलंय का? ज्या पुस्तकाने प्रयोग फसण्याची शक्यता धरलेली आहे, त्या पुस्तकाबरोबर मूल एकटं राहू शकतं. ज्यात प्रत्येक प्रयोग ‘असे दिसून येते की’ या शब्दांवर संपतो, ते पुस्तक शिक्षकाच्या हातात शोभतं, पण एकट्या मुलाला ते अर्ध्यावर सोडतं.

मुलाकडेही बघा. पेन्सिलीच्या खुणा शब्दांवर असतील तर भाषा जड आहे, एक इयत्ता खालचं पुस्तक घ्या. इयत्तेचा आकडा घरी कुणी विचारत नाही. खुणा कल्पनांवर असतील तर पुस्तक योग्य आहे, शिकताना अडायचंच. एकही खूण नसेल आणि सामानालाही हात लागला नसेल, तर मुलाने नुसती पानं उलटली आहेत. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून धड्यातले पाच प्रश्न विचारा आणि काय केलं ते तोंडी सांगायला लावा. निवडलेल्या सगळ्या पुस्तकांच्या बाबतीत हे झालं की कुठलं घ्यायचं ते बहुधा मूलच सांगतं. त्याचं ऐका.

पायरी ५: सामान

फार लागत नाही. भिंग, दोन पट्टीचुंबक, १०० मिलिलिटरचं मोजपात्र, तापमापी, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, सेल, वायर, एलईडी, रोध आणि एक साधा मल्टिमीटर. विजेचं सामान पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. रसायनांची सुरुवात स्वयंपाकघरातून होते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्याने लाल होतो, त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा दिसतो. आठवीपर्यंतचं आम्ल-आम्लारी एवढ्यावर नीट शिकून होतं.

घरच्या प्लगमधली वीज आणि तीव्र आम्लं यांना हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि मोडू देऊ नका. बाथरूममधलं ॲसिड प्रयोगाला वापरणं आणि ते ब्लीचमध्ये मिसळणं धोक्याचं आहे, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. जे घरी होत नाही ते पडद्यावर बघावं. कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही संगणकावरची प्रयोगरूपं मोफत आहेत आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. आधी हाताने, मग पडद्यावर, हा क्रम ठेवा.

पायरी ६: वर्षाचा हिशेब

दहावीच्या विज्ञानाच्या दोन्ही भागांत मिळून २० धडे आहेत. धड्याला दोन आठवडे धरले तर ४० आठवडे झाले, सणवार, आजारपण आणि गावाकडच्या फेऱ्या धरून वर्ष भरतं. आठवड्याला तासाभराच्या तीन बैठका पुरतात: एक वाचायची, एक प्रयोगाची, एक प्रश्नांची. प्रयोगाची बैठक सकाळी ठेवावी, संध्याकाळी ती हमखास रद्द होते. प्रयोगवहीत तारीख, काय केलं, काय दिसलं आणि काय अपेक्षित होतं, एवढं मुलाच्या अक्षरात असू द्या. आकृती मुलानेच काढायची.

अडलेल्या शंका एका पानावर साठवा आणि महिन्यातून एकदा जाणत्या माणसाकडे घेऊन जा. तो नात्यातला अभियंता असेल, शेजारच्या निवृत्त शिक्षिका असतील. मुलाला स्वतः विचारू द्या, मध्ये बोलू नका. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, मुंबईत मराठी विज्ञान परिषद आणि वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे. त्यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. गावात असाल तर अरविंद गुप्तांच्या टाकाऊतून खेळणी करायच्या चित्रफिती मोफत आहेत, मराठीतही आहेत, आणि त्यांतलं विज्ञान अस्सल आहे.

पायरी ७: पुस्तक बदलायचं असेल तर

तीन धडे पूर्ण होईपर्यंत बदलू नका. त्यानंतरही रोज ढकलावं लागत असेल तर आधी वेळ, जागा आणि प्रयोगाचं सामान तपासा. बऱ्याचदा सामान हाताशी नसल्यामुळे अभ्यास रेंगाळतो. ते सगळं ठीक असेल तर बिनदिक्कत बदला. पण नववीनंतर परीक्षेचं बोर्ड बदलू नका.

नोंदणीआधी एक फेरी

एनआयओएसला विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा असते, आणि घरून पाठवायच्या स्वाध्यायांना २० टक्के वजन असतं. प्रात्यक्षिकं तुम्हाला मिळालेल्या अभ्यास केंद्रात होतात आणि सगळ्या केंद्रांच्या प्रयोगशाळा सारख्या नसतात. केंद्र निवडायच्या आधी मुलाला घेऊन तिथे जा. प्रयोगशाळा चालू आहे का, संपर्क वर्ग, म्हणजे केंद्रात भरणारे मार्गदर्शनाचे तास, कुठल्या वारी असतात, विज्ञानाला त्या वर्षी किती मुलं आहेत, प्रयोगपुस्तिकेतले किती प्रयोग खरोखर करून घेतात, हे तिथल्या शिक्षकांना विचारा. स्वाध्याय कुठे आणि कधीपर्यंत द्यायचे तेही तिथेच लिहून घ्या. घराजवळच्या केंद्रात प्रयोगशाळा नावापुरतीच असेल तर थोडं लांबचं केंद्र घ्या. वर्षातून मोजक्याच फेऱ्या असतात, तेवढा प्रवास परवडतो.